नवीन मशीन घेऊ की थांबू

३ ऑगस्ट २०१४, रविवार

हरलो. परत माझ्यामुळे. म्हणजे माझ्यामुळे नाही, मशीनमुळे, पण बाकीच्यांना काय फरक पडतो.

गेममध्ये मागचं दार माझं. चौघं पुढे जाऊन समोरच्यांचा किल्ला घेतात आणि मी एकटी आपला राखते. दोन वर्षं राखतेय. आज त्यांचे तिघं मागून आले, मला वेळेत दिसले, मी नेम धरला आणि चित्र थिजलं. हललं तेव्हा मी मेलेली, किल्ला गेलेला. हेडफोनमध्ये आमचा कॅप्टन चिन्मय : "प्रज्ञा, झोपलीस का?" झोपले नव्हते. टेबलावर हात आपटून बोटं दुखतायत.

पहिला डाव बरा जातो. दुसऱ्यात अडकायला लागतं. तिसऱ्यात तर मशीन खेळतच नाही, नुसतं बघत बसतं.

बाकीच्या टीम्सची नावं विंचू, ज्वालामुखी वगैरे. आमचं नाव पाणीकपात. बाहेरगावच्यांना गंमत कळत नाही, पुणेकर मात्र नाव ऐकूनच घाबरतात. आज कोणी घाबरलं नाही.

आई स्वयंपाकघरातून, "जिंकलीस का?" नाही म्हटलं. "मग जेवून घे."

५ ऑगस्ट, मंगळ.

चि.चा मेसेज. वर्षभर ज्या स्पर्धेची तयारी चाललीय तिच्या फायनलची तारीख आली. ऑक्टोबरचा पहिला रविवार, लोणी काळभोरच्या एका कॉलेजात. आपापली मशीनं घेऊन जायचं. पाच जणांची नावं सप्टेंबरअखेर द्यायची. आणि खाली, जणू आत्ताच आठवलं अशा थाटात : "प्रज्ञा, मशीन अपग्रेड कर. नाहीतर हिंजवडीचा रोहन तयार आहे."

रोहनचं मशीन फोटोत बघितलंय. एका बाजूला काच, आत निळे दिवे. लग्नाच्या हॉलसारखं दिसतं.

राग आला. मग भीती वाटली, ती जास्त वेळ राहिली. ऑफिसात मी 'टेस्टिंगवाली', दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी. सोसायटीत 'अजून जमलं नाही का'. नातेवाइकांत सुमेधची बहीण. मागच्या दारात मी फक्त मी असते आणि चार माणसं माझ्या भरवशावर मागे वळून न बघता पुढे जातात. ती जागा रोहनला द्यायची नाही. झालं.

९ ऑगस्ट, शनि.

सुमेधला फोन केला. चार वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या पगारातून हे मशीन त्यानेच जोडून दिलं आणि मग बंगळूरला गेला. धाकटा असून सल्ले मोठ्या भावाचे.

"ताई, आत्ता घेऊ नकोस. नवीन ग्राफिक्स कार्डं येतायत. दिवाळीनंतर, फार तर जानेवारीत. आत्ता घेतलंस तर घरी आणेपर्यंत जुनं होईल."

"आणि ऑक्टोबरमध्ये काय करू?"

"खेळ की आहे त्याच्यावर."

"चार वर्षांत म्हातारं झालंय ते."

"होणारच. कॉम्प्युटरचं एक वर्ष म्हणजे माणसाची दहा."

म्हणजे माझं मशीन चाळिशीत आहे. चाळिशीतली माणसं ऑफिसात काम करतात, थिजून बसत नाहीत. (आमचे मॅनेजर सोडून.)

पप्पांचंही मत थांब असंच. ते कशालाही थांबच म्हणतात. स्कूटरला नंबर लावला होता तेव्हा आईशी लग्न झालं नव्हतं, स्कूटर आली तेव्हा मी पुढे उभी राहण्याएवढी झाले होते. फोनलाही तसंच. बांधकाम खात्यात आयुष्य काढलेला माणूस, थांबण्याचं त्यांना वावडं नाही. पण त्यांच्या काळी थांबलं की अखेर तीच वस्तू मिळायची. आता थांबलं की दुसरीच वस्तू समोर असते, आणि तिच्यापुढे तिसरी उभी असते. हे त्यांना सांगितलं. "मग तर थांबायलाच पाहिजे," म्हणाले.

१५ ऑगस्ट, शुक्र.

सुट्टी. सोसायटीत झेंडावंदन. नंतर सेक्रेटरी चहाला आले आणि पप्पांनी टेबल दाखवलं. मे महिन्यात आलेलं टेबल अजून नवीन आहे, अजून दाखवायचं असतं. विश्रांतवाडीतल्याच एका सुताराकडून मापं देऊन करून घेतलंय. वर मॉनिटर, खाली कीबोर्डचा सरकता कप्पा, आणि उजवीकडे मशीनसाठी खास बंद कपाट. दार, मॅग्नेट, छोटं हँडल. "धूळ जाण्याचा प्रश्नच नाही," पप्पा म्हणाले. सेक्रेटरींनी दार उघडून बंद करून बघितलं. मॅग्नेटचा आवाज आला. दोघंही खूश.

आत आईचं कव्हर. हॉलच्या पडद्यातलं उरलेलं कापड, आतून अस्तर, मधे पातळ फोम, स्विचसाठी काज केलंय आणि मागून वायरींना चीर. फ्रिज, मिक्सर, शिलाई मशीन आणि माझं मशीन, सगळे एका कापडात. सेक्रेटरी म्हणाले, वहिनींच्या हाताला तोड नाही. खरंच नाही.

दुपारी सराव. दुसऱ्या डावात अडकलं. चि. नुसता पुढच्या सरावाची वेळ सांगून गेला. चिडला असता तर बरं झालं असतं.

२४ ऑगस्ट, रवि.

काय दिवस होता आजचा.

वर्षावास चालू आहे, आज धम्मग्रंथाचं वाचन आमच्याकडे. विहारातल्या बायका सकाळपासून. हॉलमध्ये बसायला जागा हवी म्हणून काल आईने टेबल भिंतीला लावलं आणि मशीन उचलून माझ्या खोलीत स्टुलावर नेऊन ठेवलं. कव्हरं सगळी धुवायला. पाहुण्यांसमोर मळकं कव्हर नको.

वाचन झालं, जेवणं झाली, कांबळे काकूंनी माझ्या लग्नाचा विषय काढला, आईने खिरीचा काढला. चारला सराव होता. खोलीतच बसले. मॉनिटर खुर्चीवर, मी पलंगावर, कीबोर्ड मांडीवर.

एकदाही अडकलं नाही. पहिला डाव, दुसरा, तिसरा, चौथा. विंचूंचे सगळे एकदम मागून आले, आणि मी एकेक करून सगळे पाडले. हेडफोनमध्ये चि., "ए बाई, हे काय होतं?" हे मागचं दार होतं. असंच असतं ते.

काल गेमचं नवीन अपडेट आलं होतं. त्याचाच गुण असणार. सुमेधला कळवलं, मशीन तरुण झालं. अपग्रेडचा विषय संपला.

२६ ऑगस्ट, मंगळ.

संपला नाही. हॉल परत लागला, मशीन परत कपाटात, धुतलेलं कव्हर वर, आणि दुसऱ्या डावापासून अडकाअडकी सुरू. रविवारची मी कुठे गेले कोणास ठाऊक.

चि. आज स्पष्ट बोलला. रागाने नाही, तेच जास्त लागलं. "तू चांगली खेळतेस याबद्दल वाद नाही. पण एक दिवस चालतं आणि एक दिवस नाही, असं मशीन घेऊन फायनलला कसं जायचं? एकवीस सप्टेंबरला ठरवू. अर्धा वेळ तू, अर्धा रोहन."

मी म्हटलं, काहीतरी कारण आहे, शोधते. तो म्हणाला, "टेस्टिंगवाल्यांना बग सापडतो गं, सुटत नाही." स्वतः डेव्हलपर आहे. वारज्यात टू बीएचके आहे म्हणून सगळं येतं असं नाही. हे तेव्हा सुचलं नाही, आत्ता सुचतंय.

३१ ऑगस्ट, रवि.

इंटरनेटवाल्याला बोलावलं. हॉलमधली वायर बदलून गेला. जाताना, "मॅडम, लाइन ओके आहे. मशीनचं वय झालंय." माझं नाही, मशीनचं म्हणाला, एवढंच समाधान.

खाली मंडळाचे स्पीकर. सराव रद्द.

७ सप्टें., रवि.

ठरवलं. घेणार. जानेवारीतलं कार्ड जानेवारीत गेलं. फायनल ऑक्टोबरमध्ये आहे. आत्ता घेतलेलं जुनं होईल तर होऊ दे, मी तरी टीममध्ये राहीन.

चि.पण नवीन मशीन घेतोय, सगळंच्या सगळं. पण त्याच्या आईने घटस्थापनेपर्यंत थांबवलंय. परवापासून पितृपक्ष लागतोय, त्यात काही घ्यायचं नाही. मला म्हणाला, "तुला बरंय, तुम्हाला चालतं." हो, चालतं. आम्हाला सगळे दिवस सारखेच.

पप्पांना सांगितलं. पेपरमधून मान वर न करता, "तुझे पैसे, तुझा निर्णय. मी असतो तर थांबलो असतो." हे त्यांच्याकडून आशीर्वादासारखंच आहे.

१३ सप्टें., शनि.

मशीन चादरीत गुंडाळून रिक्षाने दुकानात नेलं. कॉम्प्युटरची अख्खी गल्ली ओस. दुकानदार काका काउंटरवर शब्दकोडं सोडवत बसलेले.

"काय पाहिजे?"

"नवीन कार्ड बघायचं होतं."

"बघायचं असेल तर प्रदर्शनात जा. इथे विकत मिळतं."

घ्यायचंच आहे म्हटल्यावर चष्मा वर केला. "पितृपक्षात चालतं तुम्हाला?" चालतं म्हटलं. "वा. तुमच्यासारखी आणखी चार माणसं पाठवा." आणि मग, "आधी लावून दाखवा काय होतंय ते. उगाच कार्ड बदलायचं आणि दुखणं भलतीकडेच निघायचं."

काउंटरवर लावलं. गेम सुरू केला. त्यांचं शब्दकोडं संपलं, चहा आला, चहा संपला. मी खेळतेय, मशीन पळतंय. एकदाही अडकलं नाही.

काका म्हणाले, "काय होतंय म्हणालात?"

"अडकतं."

"कुठे?"

मी स्क्रीनकडे बोट केलं, तिथे सगळं पळत होतं. "हे बघा," ते म्हणाले, "या दिवसांत आलेलं गिऱ्हाईक मी परत पाठवणार नाही. कार्ड काढून ठेवलंय. देऊ?"

पर्स उघडली होती. खोक्यावरचं चित्र फार सुंदर होतं, एवढं मान्य. पण मग आतली टेस्टिंगवाली जागी झाली. ऑफिसात कोणी येऊन म्हणालं की बग माझ्याकडे दिसत नाही, म्हणजे तो नाहीच, तर मी त्याला सोडते का? नाही ना. आणि दिसत नसलेल्या बगवर औषध तरी कशाचं द्यायचं?

नको म्हटलं, नंतर येते. काकांनी खोकं परत फळीवर ठेवलं. "या. दसऱ्याला रांग असेल."

परत येताना रिक्षात मशीन मांडीवर घेऊन बसले होते. तू मला वेडी करणार आहेस, असं त्याला मोठ्याने म्हटलं. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

१४ सप्टें., रवि.

हॉलमध्ये लावलं. दुसऱ्या डावात अडकलं. मला रडू आलं, खरंच. पप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. एवढंच केलं, पण कळलं.

१५ सप्टें., सोम.

ऑफिस. नव्या मुलीला शिकवत होते. बग पकडायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे झालं ते कधीच कळत नाही. हे मी दर सहा महिन्यांनी कोणालातरी शिकवते. आज बोलता बोलता मधेच गप्प झाले. ती म्हणाली, "मॅम?"

माझ्या खोलीत चाललं. दुकानात चाललं. हॉलमध्ये चालत नाही. म्हणजे मशीन म्हातारं नाहीच. हॉलमध्ये काहीतरी आहे. आणि मी महिनाभर अपडेट, वायर, कार्ड, नशीब, सगळं एकदम धरून बसले होते. दुसऱ्यांना शिकवायला मी एकदम हुशार.

१६ सप्टें., मंगळ.

सापडला.

संध्याकाळी लवकर आले. आईला म्हटलं, आज मला कोणी काही विचारायचं नाही. मशीन हॉलमध्येच, त्याच प्लगवर, त्याच वायरीवर, फक्त कपाटातून काढून फरशीवर ठेवलं. खेळत बसले. उत्तम. म्हणजे हॉलची वीज नाही, इंटरनेट नाही. मग कपाटात ठेवलं, दार उघडं. बरं चाललं. मग कव्हर घातलं, जरा जड चाललं. मग दारही लावलं. मॅग्नेटचा आवाज. पहिला डाव बरा. दुसऱ्यात थिजलं.

दार उघडलं. तव्यावरची भाकरी उलटताना तोंडावर येते तशी ऊब आली. कव्हरच्या आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

मे महिन्यापासून हे बिचारं बंद कपाटात, फोमचं जाकीट घालून, आत तीन-तीन पंखे फिरवत स्वतःचीच गरम हवा परत परत घेत होतं. तापलं की जीव वाचवायला हळू व्हायचं. म्हातारपण कुठलं, ताप आला होता त्याला.

हसायला आलं ते थांबेचना. फरशीवर बसून हसले. आई पदराला हात पुसत आली. सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. "अगं, धूळ जाऊ नये म्हणून शिवलं मी. अस्तर लावून." म्हणाली आणि कव्हर हातात घेऊन काजाकडे बघत बसली. माझं हसू थांबलं. ते काज इतकं बारीक, इतकं नेटकं आहे. तिला म्हटलं, आई, तुझं शिवण एवढं चांगलं नसतं तर थोडी तरी हवा गेली असती. खरंच तसं आहे. मग तीही हसली, पण उशिराने.

पप्पांनी कपाटाचं दार दोनदा उघडून बंद करून बघितलं.

१७ सप्टें., बुध.

सकाळी उठले तर पप्पा स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलापाशी मांडी घालून बसलेले. कपाटाचं दार काढून भिंतीला टेकवलेलं. हँडल, मॅग्नेट, बिजागऱ्या एका वाटीत. मागची फळीसुद्धा काढली होती.

"पप्पा, दार नुसतं उघडं ठेवलं तरी चाललं असतं."

"उघडं ठेवायचं तर दार कशाला?"

त्या टेबलासाठी ते सुताराकडे किती चकरा मारत होते ते मी बघितलंय. ऑफिसला जाताना बसमध्ये डोळे भरून आले. हे त्यांना सांगणार नाही, म्हणून इथे.

२१ सप्टें., रवि.

आजचा दिवस लिहून ठेवायचा म्हणून चहा बाजूला ठेवून बसलेय.

समोर ज्वालामुखी. आधी रोहन मागच्या दारात. वाईट खेळला असं नाही. निळ्या दिव्यांच्या मानाने बरा खेळला. पण मागचं दार म्हणजे नेम नाही, वाट बघणं आहे. कोणीच येत नसताना तिथेच उभं राहायचं. त्याला ते जमेना, सारखा पुढे पळायचा, की हे मागून आत. अर्ध्यावर मी आले. कपाटाला दार नाही, मशीन उघडं, बाजूचा पत्राही काढलेला, शेजारी आईचा टेबलफॅन. एक माणूस आत येऊ दिला नाही. एकही नाही. शेवटी ज्वालामुखीवाल्यांनी मागून यायचंच सोडून दिलं.

चि. : "शेवटी घेतलंस ना नवीन कार्ड? कुठलं?"

"घेतलं नाही. कव्हर काढलं."

"कसलं कव्हर?"

"आईने शिवलेलं. अस्तर आणि फोमचं."

हेडफोनमध्ये चौघांचं हसणं एकदम. हसू देत. यादीत माझं नाव आहे. रोहन राखीव. "टेस्टिंगवाल्यांना बग सापडतो, सुटत नाही," हे वाक्य मी चि.ला शब्दशः परत ऐकवलं. तो म्हणाला, सॉरी. पुणेकराचं सॉरी, म्हणजे फ्रेम करून लावायला हवं.

२७ सप्टें., शनि.

चि.चं नवीन मशीन आलं घटस्थापनेला. फोटो पाठवले. काच, लाल दिवे, देवीसमोर ठेवून हळदकुंकू वाहिलेलं. सुंदर आहे. मत्सर वाटला, खोटं कशाला लिहू. नवीन वस्तूचा तो वास असतो, तो फोटोतही आला.

५ ऑक्टो., रवि.

लोणी काळभोर. हे सगळं नीट आठवून लिहायचंय.

पप्पा म्हणाले मीही येतो, कॉलेज कुठे आहे ते तुला सापडायचं नाही. कॉलेज हायवेवरून दिसतं. टेम्पोत पाच मशीनं, मधे गाद्या. पप्पा माझ्या मशीनला धरून बसलेले, एखाद्या पेशंटला नेतात तसं.

पत्र्याचं छप्पर असलेला मोठा हॉल. ऑक्टोबरचं ऊन. ओळीने टेबलं, सगळ्यांची मशीनं चमकतायत, माझंच एक बाजूचा पत्रा नसलेलं, पोट उघडं टाकून बसलेलं. विंचूमधला एक मुलगा म्हणाला, "हे काय, दुरुस्तीला आणलंय?" मी म्हटलं, हो, तुमच्या.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत. फायनलला आम्ही आणि विंचू. तीनपैकी दोन डाव जिंकायचे. पहिला आम्ही घेतला. आणि लाइट गेली. जनरेटर सुरू झाला, पण मशीनांपुरताच. छताचे पंखे बंद. ओरडाआरडा झाला, संयोजक म्हणाले पंखे लावले तर मशीनं बंद पडतील, काय ते ठरवा. हॉलचा अगदी आमच्या टेबलाच्या कपाटासारखा कोंडमारा झाला.

दुसऱ्या डावात पुढे गेलेला चि. जागच्या जागी थिजला. नवीन मशीन, काचेची बाजू घट्ट बंद, आत लाल दिवे. मला त्याचं ते थिजणं ओळखीचं. डाव गेला.

"काय होतंय याला, कालपर्यंत तर..." तो म्हणाला. त्याचा आवाज माझा ऑगस्टमधला आवाज होता. चिडवायची इतकी चांगली संधी परत मिळणार नाही, हे कळत होतं. पण मी म्हटलं, "दार उघड."

"काय?"

"काच काढ. तापलंय ते."

"सील आहे त्यावर. काढलं तर वॉरंटी गेली."

त्याने एकदा समोर विंचूंकडे बघितलं. मग स्वतःच्या नखाने सील फाडलं. त्या वेळी मला तो पहिल्यांदा कॅप्टन वाटला.

तिसरा डाव. पप्पा प्रेक्षकांतून उठून कधी आले कळलं नाही. कुठूनतरी पुठ्ठा पैदा केलेला, आणि चि.च्या मशीनशेजारी उभं राहून वारा घालायला लागले. नियमात बसतं का, संयोजकांना विचारलं विंचूंनी. संयोजक म्हणाले, पुठ्ठ्याबद्दल नियम नाही. पप्पा म्हणाले, "तुमच्याही मशीनला घालतो हवं तर, पण एकदमच नाही जमणार."

विंचूंचीही मशीनं अडखळायला लागली होती. चि. मात्र सुटला. चौघं पुढे गेले. मी मागे. खूप वेळ कोणी आलं नाही. घाम डोळ्यांत जात होता, हात सोडून पुसता येत नव्हता. मग आले, तिघं, अगदी त्या ऑगस्टमधल्यासारखे. मी नेम धरला. चित्र हललं, हलत राहिलं. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा वळून पळायला लागला तोही पडला. तेवढ्यात पुढून चि. ओरडला, "घेतला."

जिंकलो. पाणीकपात जिंकली. आमच्यातला फैजान खुर्चीवर चढला, ओंकार रडला, चि. पप्पांच्या पाया पडायला वाकला. पप्पांनी त्याला अर्ध्यावर धरलं. "पाया नको. जय भीम म्हण." त्याने म्हटलं, मोठ्याने, हात उंचावून.

मला आयुष्यात एवढा आनंद फार कमी वेळा झालाय. हे लिहून ठेवते.

६ ऑक्टो., सोम.

ऑफिसात कोणाला काही माहीत नाही. दिवसभर एकटीच हसत होते. नवी मुलगी म्हणाली, "मॅम, जमलं का?" जमलं म्हटलं. तिने काय अर्थ घेतला असेल तो घेवो.

११ ऑक्टो., शनि.

बक्षीस आलं. प्रत्येकाला एक कूपन. कॉम्प्युटरच्या दुकानातून कार्ड घ्यायचं, कुठलंही एक, दुकानात त्या दिवशी असलेल्यांपैकी. मुदत दिवाळीपर्यंत.

सुमेधला फोन केला. तो आधी दहा वेळा अभिनंदन म्हणाला. मग मुदत विचारली. "ताई, नवीन कार्डं दिवाळीनंतर येतायत."

माहितेय.

"म्हणजे कूपन वापरलंस तर जुनं मिळणार, आणि थांबलीस तर कूपन जाणार."

हेही माहितेय. तुला एवढं शिकवलं ते हे सांगायला का, असं विचारलं.

पप्पा म्हणतात, मशीन चालतंय ना, मग थांब. चि. म्हणतो, वेडी आहेस का, फुकट आहे, घे. दुकानदार काकांना विचारलं, त्यांच्याकडेही ते कूपन चालतं. ते म्हणाले, "घ्या नाहीतर नका घेऊ, पण दुकानात येऊन विचार करू नका."

आणि मला स्वतःला काय वाटतं? हे मशीन उघड्या पोटाने जिंकलंय. लगेच त्याच्या छातीतलं काढून दुसरं बसवायचं, हे जिवावर येतं. पण खोक्यावरचं ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

१२ ऑक्टो., रवि.

दुपारी आई टेप घेऊन आली. मशीनभोवती फिरून मापं घेतली, लांबी, उंची, मागच्या वायरी. या वेळी मच्छरदाणीच्या जाळीचं शिवणार आहे. चारी बाजूंनी हवा, धूळ बाहेर. एक बाजू तर पूर्ण उघडीच, वर नाडी. स्वतः विचार करून काढलंय. मी म्हटलं, आई, तू डेव्हलपर व्हायला हवं होतंस. ती म्हणाली, त्यांना शिवता येतं का?

मग खडू हातात धरून उभी राहिली. "हेच राहणार की नवीन काही बसवणार आहेस यात? जाड होणार असेल तर आत्ताच सांग. कापड एकदा कापलं की कापलं."

मी मशीनकडे बघितलं. पंखे फिरत होते, आवाज न करता.

उद्या सांगते म्हटलं. आईने खडू कानामागे खोचला आणि टेबलापाशीच खुर्ची ओढून बसली.